चार्ल्स सम्नर : अमेरिकेतल्या वर्णभेदाला ‘जात’ म्हणणारा सिनेटर

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ते लोक कोण, असे विचारले की लिंकनचे नाव येते आणि चर्चा तिथेच थांबते. म्हणून आम्ही इथे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर (१८११–१८७४) यांची ओळख करून देत आहोत.

सम्नर बोस्टनचे. व्यवसायाने वकील. १८३८ साली पॅरिसमध्ये त्यांनी काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या बरोबरीने व्याख्यान ऐकताना पाहिले. आपल्या देशातले अंतर निसर्गाने नव्हे, तर शिकवणुकीने निर्माण केले आहे, असे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले.

बोस्टनमध्ये तेव्हा गुलामगिरी नव्हती, पण काळ्या मुलांची शाळा वेगळी होती. सारा रॉबर्ट्स या लहान मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून त्या दूरच्या शाळेत जावे लागे. तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स यांनी दावा लावला. तो रॉबर्ट मॉरिस या काळ्या वकिलाने चालवायला घेतला आणि नंतर सम्नर त्यांना येऊन मिळाले. (इतिहासात सम्नर यांचे नाव आधी छापले जाते. असे का होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) १८४९ च्या युक्तिवादात सम्नर म्हणाले की ही वेगळी शाळा म्हणजे जातिव्यवस्थाच आहे. त्यासाठी त्यांनी भारतात पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ठेवलेल्या ब्राह्मण-शूद्रांचा दाखला दिला. इमारत आणि शिक्षक सारखे असले तरी वेगळे बसवणे हाच अपमान आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

ते खटला हरले. समाजातला पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही आणि बहुधा कायद्याने जाणारही नाही, असे न्यायमूर्ती शॉ यांनी १८५० च्या निकालात म्हटले. हा युक्तिवाद आपण आजही ऐकतो. तिथल्या काळ्या पालकांनी मात्र तो मानला नाही. त्यांनी लढा चालू ठेवला आणि १८५५ साली राज्याने कायदा करून वेगळ्या शाळा बंद केल्या. पुढच्याच वर्षी इकडे धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. एकासाठी बाकीच्यांची शाळा निरुपयोगी होईल, हे सरकारचे कारण. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढे सायमन कमिशनसमोर मांडले.

सम्नर १८५१ साली सिनेटमध्ये गेले. मे १८५६ मध्ये त्यांनी कॅन्ससमध्ये गुलामगिरी लादण्याच्या कटावर दोन दिवस भाषण केले आणि साउथ कॅरोलिनाच्या सिनेटर बटलरवर जहरी टीका केली. २२ मे रोजी बटलरचा नातलग, काँग्रेस सदस्य प्रेस्टन ब्रूक्स, सभागृहात आला आणि बसलेल्या सम्नर यांना त्याने काठीने रक्तबंबाळ केले. ब्रूक्सला ३०० डॉलर दंड झाला, तुरुंगवास नाही. दक्षिणेतल्या चाहत्यांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. सम्नर यांना पूर्णपणे परतायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. मधल्या काळात मॅसॅच्युसेट्सने त्यांनाच पुन्हा निवडले. सिनेटमधली त्यांची रिकामी खुर्ची भाषणांपेक्षा जास्त बोलली, असे आम्हाला वाटते.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. तिच्या मसुद्यात सर्व माणसे कायद्यापुढे समान आहेत हे शब्द यावेत, असा सम्नर यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. मालकी गेली तरी जात उरते, हे त्यांनी ओळखले होते. १८६९ मध्ये त्यांनी जातीच्या प्रश्नावर स्वतंत्र व्याख्यान दिले, तर १८७० मध्ये नागरी हक्क विधेयक आणले. रेल्वे, खानावळी, नाट्यगृहे, शाळा, अगदी दफनभूमीतही भेदभाव नको, अशी त्यात तरतूद होती. दफनभूमीचा उल्लेख वाचून आपल्याकडच्या कित्येक गावांतले स्मशानाचे वाद आठवतात.

मार्च १८७४ मध्ये मरणशय्येवरही ते भेटायला आलेल्यांना हे विधेयक पडू देऊ नका, असे विनवत होते. १८७५ मध्ये ते मंजूर झाले, पण शाळा आणि दफनभूमी वगळून. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुख्य कलमे रद्द केली. १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करताना त्याच न्यायालयाने सारा रॉबर्ट्सच्या खटल्यातल्या शॉ यांच्या निकालाचा आधार घेतला. शाळांपुरते ते तत्त्व मोडीत निघायला १९५४ साल उजाडावे लागले.