कोऱ्या जागेचा उजेड

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा उघडली, आणि तेथील तालीम पुढे विलायती शिरस्त्याबरहुकूम अशी ठरली की विद्यार्थ्याने प्रथम रेषा साधावी, मग ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींसमोर बसून, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात दिसणारी त्यांची गोलाई केवळ काळ्या-करड्या छटांनी कागदावर उतरवावी. वरपांगी नीरस भासणाऱ्या या कवायतीत एक सूक्ष्म शिस्त होती. तैलचित्रात झळाळीचा ठिपका अखेरीस पांढऱ्या रंगाने देता येतो. शिसपेन्सिलीपाशी पांढरे असे काही नसल्यामुळे तेवढी जागा आरंभापासून कोरी राखावी लागते. खोडरबराने ती मागाहून मोकळी होते हे खरे, परंतु चोळलेल्या कागदाला मूळचे तेज सहसा परत येत नाही.

पेन्सिलीचे हे छटासामर्थ्य तसे अर्वाचीनच. इंग्लंडातील बॉरोडेलच्या खाणीचे उत्कृष्ट ग्रॅफाइट युद्धामुळे फ्रान्सला दुर्मिळ झाले, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजण्याची युक्ती काढली आणि १७९५ साली तिची सरकारी सनद मिळवली. माती वाढवावी तसतसे शिसे कठीण व फिकट, घटवावी तसतसे मऊ व काळेभोर होई.

या छायाप्रकाशात मुरलेले कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवू लागले, आणि तेथे त्यांची गाठ निराळ्याच नियमाशी पडली. अजिंठ्याच्या चित्रकारानेही नाक, ओठ, हनुवटी यांचे उंचवटे उजळले आहेत. मात्र तो उजेड कोणत्या दिशेने आला हे विचारण्याची गरज त्याला भासलेली नाही, जणू प्रकाश हा देहाचाच गुण असावा. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या छायाकर्मास वर्तना म्हणते व तिचे तीन प्रकार सांगते. त्यांपैकी पानावरील शिरांप्रमाणे रेषा ओढून साधणारी पत्रजा आणि ठिपक्यांनी साधणारी बिंदुजा या दोन तर शिसपेन्सिलीच्या अगदी हातच्या. परंतु कलाशाळेने अजिंठा नकलेपुरता पत्करला, पहिल्या धड्यात कधी घेतला नाही, असे मला वाटते.

त्या नकलांपैकी बऱ्याचशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. विलायती शिरस्ता मात्र शाबूत राहिला: एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारे पोर घड्याच्या पोटावर जी झळाळी सोडते, ती एका ठरलेल्या बाजूच्या उजेडाची, वर्तनेची परीक्षा कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.