चिझम ट्रेल: कळप, भरवसा आणि करार

हॉवर्ड हॉक्स यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९४८ मध्ये प्रदर्शित झालेला ‘रेड रिव्हर’ हा वेस्टर्नपट वरकरणी टेक्सासमधून कॅन्ससकडे गुरे हाकत नेण्याची कथा सांगत असला, तरी त्याचा गाभा टॉम डन्सन हा गुरांचा मालक आणि त्याने लहानपणापासून वाढवलेला मॅथ्यू गार्थ यांच्या गुरु-शिष्याच्या नात्यात आहे. पोरक्या मॅथ्यूच्या हातातले पिस्तूल डन्सन सुरुवातीलाच हिसकावून घेतो आणि नीट पारख केल्याखेरीज कोणावर विसंबू नये, हा धडा त्याला देतो. पुढे पळून गेलेल्या गड्यांना फासावर चढवायला डन्सन सिद्ध होतो, तेव्हा हाच शिष्य त्याला मागे टाकून सारा कळप ताब्यात घेतो. जॉन वेन आणि माँटगोमेरी क्लिफ्ट यांच्या अभिनयामुळे हा संघर्ष बापलेकांच्या भांडणासारखा भासतो. मात्र ज्या धंद्यावर ही कथा बेतली आहे, तो मुळात भरवशाच्याच भांडवलावर चालत होता.

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांची, अर्धरानटी अशी लाखो ‘लाँगहॉर्न’ गुरे मोकाट वाढलेली होती. तिथे ४ डॉलरच्या आसपास मिळणारे जनावर उत्तरेकडील शहरांत ४० डॉलरपर्यंत जाई. पण टेक्सासात रोकड नव्हती आणि उत्तरेला नेणारी रेल्वेही नव्हती. त्यामुळे अनेक मालक आपली गुरे हाकून नेणाऱ्याच्या हवाली उधारीवर करीत आणि त्याने परत येऊन हिशेब चुकता करावा, अशी अपेक्षा ठेवीत. १८६६ मध्ये मिसुरीतील सेडेलियाकडे निघालेले बरेच कळप गुरांच्या साथीला भ्यालेल्या शेतकऱ्यांनी आणि सशस्त्र लुटारूंनी वाटेतच अडवले. पुढे कळप ज्या वाटेने कॅन्ससला गेले, तिला जेसी चिझम या अर्ध्या चेरोकी व्यापाऱ्याचे नाव मिळाले, हे थोडे गमतीचेच. कारण तो त्या वाटेवर मालाच्या गाड्या नेत असे, टेक्सासच्या गुरांचे कळप नव्हे.

अडीच-तीन हजार गुरांच्या एका कळपामागे दहा-बारा गुराखी, घोडे सांभाळणारा एक पोरगा, एक स्वयंपाकी आणि या सर्वांवर ‘ट्रेल बॉस’ म्हणजे वाटेवरचा मुख्य नायक, एवढीच माणसे असत. कळपाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना अनुभवी गडी चालत. नवख्याची नेमणूक शेपटाला होई, जिथे हजारो खुरांची धूळ नाकातोंडात जाई आणि लंगडी, थकलेली जनावरे पुढे रेटावी लागत. रात्री दोन-दोन तासांच्या पाळीने कळपाभोवती घोडा फिरवताना गडी हळू आवाजात गात राहत, कारण अंधारातल्या एखाद्या अनपेक्षित आवाजाने गुरे बिथरून चौखूर उधळत. या विद्येचे पुस्तक नव्हते. जाणत्या गड्याच्या मागे राहूनच ती अंगवळणी पडे, आणि तिचा बराच भाग मुळात मेक्सिकोच्या ‘वाकेरो’ गुराख्यांकडून आलेला होता, ज्याची दखल हॉलिवूडने फारशी घेतलेली नाही.

गुरु-शिष्याच्या नात्याचे याच धंद्यातील खरे उदाहरण चित्रपटापेक्षा पुष्कळ शांत आहे. ऑलिव्हर लव्हिंग हा वयाने चोवीस वर्षांनी मोठा, मुरलेला व्यापारी आणि चार्ल्स गुडनाइट हा त्याचा तरुण भागीदार यांनी १८६६ मध्ये न्यू मेक्सिकोकडे कळप नेला. पुढच्याच वर्षी, रात्रीच प्रवास करावा हा गुडनाइटचा सल्ला मोडून लव्हिंग दिवसा पुढे गेला, कोमांची योद्ध्यांच्या हल्ल्यात जखमी झाला आणि फोर्ट समनर येथे मरण पावला. गुडनाइटने त्याचे शव टेक्सासला नेले आणि भागीदारी पुढे चालू ठेवून नफ्यातला वाटा लव्हिंगच्या कुटुंबाला दिला. पूर्वी गुलाम असलेला बोस इकार्ड हा कृष्णवर्णीय गुराखी विक्रीची रोकड जवळ बाळगत असे, इतका गुडनाइटचा त्याच्यावर विश्वास होता.

विश्वास नडला तो लेखी व्यवहारात. इलिनॉयचा गुरांचा व्यापारी जोसेफ मॅकॉय याने १८६७ मध्ये कॅन्ससमधील अबिलीन या चिमुकल्या वस्तीत गुरांचे कोंडवाडे उभारले आणि ५ सप्टेंबरला गुरांनी भरलेली पहिली रेल्वेगाडी तिथून निघाली. रेल्वे कंपनीने गुरांच्या वाहतुकीवर दलाली देण्याचे त्याला कबूल केले होते, परंतु वाहतूक अपेक्षेबाहेर फुगल्यावर तिने कराराकडे पाठ फिरवली आणि मॅकॉयला न्यायालयात जावे लागले. हॉक्स यांनी कथा १८६५ मध्ये, म्हणजे या कोंडवाड्यांच्याही आधी ठेवली आणि अबिलीनचा व्यापारी सचोटीचा रंगवला. नाट्याला ते सोयीचे असले, तरी त्यामुळे दगाफटका पिस्तुलवाल्यांच्या वाट्याला आला आणि कचेरीतली माणसे सुटली. मॅकॉयच्या बाजूने निकाल लागेपर्यंत अबिलीनचा बहर ओसरू लागला होता. १८७२ च्या आरंभी तिथल्या रहिवाशांनी टेक्सासच्या गुरेवाल्यांना इकडे फिरकू नका, असे जाहीर कळवले. कळप एल्सवर्थ आणि विचिटाकडे वळले, नंतर डॉज सिटीकडे, आणि १८८५ मध्ये कॅन्ससने साथीच्या कारणावरून टेक्सासच्या गुरांना आपली हद्दच बंद केली.