एका मोटारींतून दुसरी मोटार



मोटारगाडी कारखान्यांत जन्मते, असा आपल्यापैकीं बहुतेकांचा समज असतो, आणि तो साधारणपणें खराहि आहे. परंतु मोटारीच्या इतिहासाचा एक लहानसा प्रवाह घरामागच्या पडवींत आणि लोहाराच्या भात्याजवळहि वाहत आलेला आहे. स्वतःच्या हातानें मोटार बांधूं पाहणारा मनुष्य पहिलें काम कोणतें करतो? तो एक जुनी मोटार विकत घेतो. नवी गाडी बांधावयाची तर जुनी कशाला, असा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचेंच उत्तर आज थोड्या विस्तारानें देण्याचा विचार आहे.

आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ हें आमचें गांव म्हणजे हुतात्मा बाबू गेनू यांचें जन्मगांव होय. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईच्या काळबादेवी भागांत विलायती कापडानें भरलेली मालमोटार अडवितांना त्या तरुण गिरणी कामगारानें प्राण दिला. त्याचा विरोध मोटारींतल्या मालाला होता, मोटारीला नव्हता. तथापि स्वदेशीचा जो प्रश्न त्या बलिदानानें उभा केला, तो यंत्रालाहि लागू पडतो. यंत्र वापरणें आणि यंत्र आपलेंसें करणें, या दोन गोष्टी एकच आहेत काय? आज खेड्यापाड्यांतून मोटारी पुष्कळ झाल्या आहेत. त्यांचें पोट उघडून पाहणारे हात मात्र थोडे आहेत. जो मनुष्य जुनी गाडी घेऊन ती खिळाखिळा सुटी करतो, तो माझ्या मतें यंत्र आपलेंसें करण्याची पहिली पायरी चढतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लोखंडी नळ्या कापून, जोडून गाडीचा सांगाडा घरीं करतां येतो. पत्रा ठोकून वरचें अंगहि बनवितां येतें. परंतु इंजिनाचा सिलिंडर ओतण्यास ओतशाळा लागते; गिअरचे दांते कापण्यास व त्यांना पाणी देण्यास मोठीं यंत्रें आणि भट्ट्या लागतात. ब्रेक आणि स्टिअरिंग यांवर तर माणसांचे जीव अवलंबून. हे भाग तयारच घ्यावे लागतात. ते बाजारांतून एकेक गोळा केले, तर या गाडीचा दांडा त्या गाडीच्या खोबणींत बसत नाहीं, आणि किंमतहि फार होते. म्हणून एक अख्खी जुनी गाडी घेणें शहाणपणाचें. तिचे भाग एकमेकांशीं जुळलेले असतात. तारा, पट्ट्या, पायाखालचीं पेडलें, बारीकसारीक नटबोल्ट हें सारें तिच्याबरोबर येतें. आणि उरलेला पत्रा भंगारांत विकून खर्चाचा कांहीं अंश परत मिळतो.

या पद्धतीचा इतिहास पाहूं गेल्यास इंग्लंडांतील ‘ऑस्टिन सेव्हन’ या गाडीचें नांव प्रथम येतें. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ले एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या नकाशाकाराच्या साह्यानें तिची आंखणी केली, आणि १९२२ सालीं ती बाहेर पडली. इंजिन लहान, बांधणी साधी, किंमत बेताची. १९३९ पर्यंत तशा सुमारें २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. साहजिकच पुढें जुन्या ऑस्टिनचा सुकाळ झाला. कॉलिन चॅपमन हा लंडनमधील स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी फावल्या वेळीं जुन्या मोटारींची उलाढाल करीत असे. १९४७ सालीं तेथील सरकारनें खाजगी मोटारींचें पेट्रोल तोडलें, भाव कोसळले, आणि चॅपमनच्या हातीं एक जुनाट ऑस्टिन सेव्हन न खपतां राहिली. त्यानें १९४८ पर्यंत तिच्यावर प्लायवुड व ॲल्युमिनियम यांचें हलकें अंग चढवून शर्यतीची गाडी केली. ‘लोटस’ या जगप्रसिद्ध नांवाचा हाच आरंभ होय.

पुढें १९५७ सालीं त्यानें ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांच्या रूपानें विकावयास काढली. कारण असें कीं, तयार नव्या गाडीवर खरेदीकर होता, आणि घरीं जोडावयाच्या भागांवर तो नव्हता. त्या गाडीच्या धर्तीवर एक स्वस्त गाडी घरींच कशी बांधावी, याचें पुस्तक १९९६ सालीं रॉन चॅम्पियन यांनीं लिहिलें. हे गृहस्थ पेशानें शिक्षक, ही गोष्ट माझ्यासारख्या निवृत्त मास्तरास सांगावीशी वाटल्यास नवल नाहीं. भागांसाठीं त्यांनीं फोर्ड कंपनीची जुनी ‘एस्कॉर्ट’ सुचविली. तिचें इंजिन पुढें उभें, आणि लांब दांड्यानें शक्ति मागच्या चाकांना जाते. अशी रचना उचलून नव्या सांगाड्यांत बसविणें सोपें. १९८० पासून त्याच नांवाची गाडी पुढच्या चाकांनीं ओढली जाऊं लागली, आणि जुन्या एस्कॉर्टी हळूहळू दुर्मिळ झाल्या.

आपल्याकडे हाच क्रम दिसतो. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून निघालेली फियाट, जी पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, ती पुढें इंजिन व मागें शक्ति या जुन्या रचनेची होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० मध्यें मात्र इंजिन आडवें व शक्ति पुढच्या चाकांना. असें इंजिन घरच्या गाडींत घालावयाचें, तर गिअरपेटीसह तें आसनामागें नेऊन बसविणें बरें पडतें.

गाडी घेतांना पत्र्याच्या झळाळीस भुलूं नये. अंग गंजलेलें वा मागून ठोकर बसलेलें असलें तरी चालेल. परंतु इंजिन, गिअर व ब्रेक आपल्यासमोर चालवून पाहावेत. एकदां गाडी सुटी केली, कीं दोष कोणाचा हें समजत नाहीं. सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले आंकडे नोंदणीपुस्तकाशीं ताडावेत, कर्जाचा बोजा पाहावा. गाडी कायमची मोडली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चौदा दिवसांच्या आंत वा शक्य तितक्या लौकर तसें नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें लागतें.

महाराष्ट्रांत अशा खटपटी करणारे नव्हते असें नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४५ च्या सुमारास ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा उद्योग आरंभिला. कित्येक वर्षें एकामागून एक नमुने त्यांनीं घडविले; परंतु ती गाडी बाजारांत कधींच आली नाहीं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें येथील दत्तात्रय लोहार यांनीं जुन्या गाड्यांच्या भागांतून, सुमारें ६० हजार रुपयांत, दुचाकीप्रमाणें पायानें लाथ मारून सुरू होणारी लहानशी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्यें तिची कीर्ति सर्वत्र झाली. उद्योगपति आनंद महिंद्रा यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें अधिकारी ती आज ना उद्यां थांबवतील, हेंहि बोलून दाखविलें. जानेवारी २०२२ मध्यें अदलाबदल झाली. कारागिराचा गौरव झाला, ही आनंदाची गोष्ट. त्याची गाडी मात्र रस्त्यावरून प्रदर्शनांत गेली.

या ठिकाणीं कायद्याची बाजूहि ऐकली पाहिजे. नोंदलेल्या गाडीची मूळ रचना बदलूं नये, असें कलम ५२ सांगतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच उचलून धरलें. रस्त्यानें जाणाऱ्या पोराबाळांचा जीव कोणाच्या हौसेवर टांगून ठेवतां येत नाहीं. परंतु इंग्लंडांत घरीं बांधलेली एकेक गाडी सरकारी तपासनीस पाहतो. दिवे, ब्रेक, आसनाचे पट्टे तपासतो. उतरली तर ती रस्त्यावर येते, न उतरली तर दुरुस्त करून पुन्हां आणावी लागते. आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवर मोटारींची कसोटी पाहणारी मोठी संस्था आहे. पण तिची वाट कारखानदारांच्या सोयीची आहे, खेड्यांतल्या लोहाराच्या ऐपतीची नाहीं.

आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्यावर एक गोष्ट मला निश्चित कळली आहे. परीक्षेंत नापास करणें आणि परीक्षेस बसूंच न देणें, यांत फार मोठें अंतर आहे. नापास झालेला मुलगा पुढल्या वर्षीं अधिक अभ्यास करून येतो. दारांतूनच परत पाठविलेला मुलगा पुस्तक मिटून ठेवतो. जुन्या मोटारींतून नवी मोटार काढणाऱ्या हातांसाठीं कडक, पण त्यांच्या ऐपतीची अशी एक परीक्षा आपण ठेवावी, एवढेंच माझें मागणें आहे.