कऱ्हेकाठचा मयूर : मोरोपंतांना लिहिते ठेवणारी बारामती

१/ आपण लेखक व्हावे असे मनात येणे ही एक गोष्ट आणि आयुष्यभर लिहीत राहता येणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर माणूस कोणाच्या आधाराने ओलांडतो? अठराव्या शतकातील बारामतीत या प्रश्नाचे एक ठोस उत्तर सापडते. आजचा धागा कविवर्य मोरोपंतांविषयी आणि त्यांना चार दशके लिहिते ठेवणाऱ्या गावाविषयी.

२/ मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे कोकणातले. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे त्यांनी संस्कृत काव्य, व्याकरण, अलंकार आणि वेदान्त यांचे अध्ययन केले. ग्रंथ हस्तलिखित, म्हणून दुर्मीळ. गुरूने ओसरीवर बसवून घेतले तरच विद्या हाती येई. पंतांना मिळालेले पहिले उत्तेजन हे असे होते.

३/ पण विद्येने पोट भरत नाही. वडील रामाजीपंत नोकरीनिमित्त बारामतीस नाईकांच्या पदरी होते. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास मोरोपंतही तेथे आले. विद्वान तरुणापुढे त्या काळी वाटा मोजक्याच : भिक्षुकी, कारकुनी किंवा एखाद्या धनिकाचा आश्रय. पंतांना तिसरी वाट मिळाली, आणि ती कऱ्हा नदीच्या काठी येऊन थांबली.

४/ आश्रयदाते बाबूजी नाईक कोण होते? बारामतीचे बडे सावकार आणि सरदार. पेशव्यांशी त्यांचे नातेही होते. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना दिलेली होती. खुद्द पेशवे नाईकांचे ऋणको होते. ज्या घरापुढे पुण्याच्या दरबारालाही हात पसरावा लागे, असे हे घर.

५/ एप्रिल १७४० मध्ये बाजीराव निवर्तले, तेव्हा पेशवाईची वस्त्रे बाबूजी नाईकांना मिळावीत म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी खटपट केली. छत्रपती शाहूंनी वस्त्रे दिली ती बाजीरावपुत्र नानासाहेबांना. डाव फसला. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी याच नाईकांच्या वाड्यात पन्हाळ्याचा एक तरुण पोथी घेऊन बसू लागला.

६/ पंतांना तेथे पुराणिकाचे काम मिळाले. पुराणिक म्हणजे संस्कृत ग्रंथ समोर ठेवून श्रोत्यांना त्याचा अर्थ मराठीत उलगडून सांगणारा. लेखकाच्या दृष्टीने या कामाचे मोल पाहा. चरितार्थ चालतो, रामायण-महाभारत-भागवत नित्य हाताशी राहते आणि समोर रोजचा श्रोता असतो. कोणत्या शब्दाला मान डोलते आणि कुठे लक्ष उडते, हे तेथल्या तेथे कळते.

७/ ही भूमीही ऐकणाऱ्यांची होती. पंत येण्यापूर्वी सुमारे पस्तीस वर्षे, शके १६४० मध्ये, श्रीधरांनी ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले ते याच बारामतीत. पूर्वेला लागून मालोजीराजे भोसल्यांच्या जहागिरीचे इंदापूर. पुढे भीमेच्या खोऱ्यातून वाट जाते ती पंढरपूरला. आजही तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशा मुक्कामांनी पुढे सरकते. अक्षरओळख नसलेल्यालाही ओवी आणि अभंग कानाने पाठ, असा हा मुलूख.

८/ या आधारावर पंतांनी काय उभे केले? त्यांची एकूण पद्यरचना सुमारे ७५,००० मानली जाते. ‘आर्याभारता’त संपूर्ण महाभारत सुमारे १७,००० आर्यांत मराठीत उतरले. १०८ रामायणे रचल्याची त्यांची ख्याती आहे. उसनवारीच्या फावल्या वेळात एवढे काम होत नाही. त्यासाठी उद्याच्या भाकरीची चिंता नसलेली हजारो सकाळ-संध्याकाळ लागते.

९/ निश्चिंत लेखक धाडसही करू शकतो. पंतांचे ‘निरोष्ठ रामायण’ पाहा. ओठ जुळून उच्चारली जाणारी प, फ, ब, भ, म ही व्यंजने त्यात वर्ज्य. म्हणजे रामकथा सांगायची, पण ‘राम’ हे नाव घ्यायचे नाही! अशा खेळाला नाईकांच्या तिजोरीत काही भर पडणार नव्हती. तरीही कवीला त्याची मुभा राहिली.

१०/ पंतांवर आक्षेपही आहेत. भाषा संस्कृतप्रचुर, यमकांचा सोस, कथा पूर्वसूरींच्या. त्यांत तथ्य आहे. पण उतारवयातली ‘केकावली’ वाचणाऱ्याला पांडित्यामागचा व्याकूळ माणूस भेटतो. केका म्हणजे मोराची आर्त हाक. मोरोपंत स्वतःला ‘मयूर’ म्हणवीत. पृथ्वी वृत्तातल्या त्या हाका देवाला उद्देशून आहेत. चाळीस वर्षांच्या सरावानंतर कवी तेथे स्वतःच्या आवाजात बोलतो.

११/ ज्याला उत्तेजन मिळाले त्याने ते पुढे दिले का? सोलापूरचे रामजोशी पंतांहून तीसेक वर्षांनी लहान, तमाशाच्या फडात रमलेले विद्वान लावणीकार. पंतांच्या भेटीनंतर ते कीर्तनाकडे वळले, अशी परंपरागत आख्यायिका आहे. तिचा तपशील बाजूला ठेवला, तरी रामजोशींच्या कीर्तनांनी पंतांच्या आर्या गावोगाव पोहोचवल्या हे खरे. वाड्यातल्या पंडिताने फडातल्या शाहिराचे गुण ओळखले, आणि शाहिराने पंडिताला श्रोता मिळवून दिला.

१२/ येथे एक कटू बाजूही नोंदवली पाहिजे. हे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. संस्कृताचे अध्ययन करण्याचा अधिकार मानलेली जात, वाड्यात आधीपासून चाकरीला असलेले वडील, या गोष्टी पंतांना जन्मानेच लाभल्या होत्या. इंदापूरच्या शेतात ओव्या रचणाऱ्या बाईला किंवा बलुतेदाराच्या बुद्धिमान मुलाला असे पाध्ये आणि असे नाईक कोठून भेटणार? किती मयूर हाक न देताच गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

१३/ १७९४ साली पंत बारामतीतच निवर्तले. पुढे आश्रयदात्याची जागा छापखान्याने आणि शाळेने घेतली. परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ने (१८५४) जुने कवी विद्यार्थ्यांच्या हाती दिले. दादोबा पांडुरंगांनी केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. वाड्यातले श्रोते गेले, त्यांच्या जागी वाचक आले.

१४/ बाबूजी नाईकांनी मोठी रक्कम व्याजाने दिली आणि त्यांच्यासाठी पेशवेपदाचा डावही मांडला गेला. तो व्यवहार आज अभ्यासकांपुरता उरला आहे. सामान्य मराठी वाचकाला नाईक ठाऊक आहेत ते मोरोपंतांचे आश्रयदाते म्हणून.

१५/ तुमच्यापैकी कोणी वहीत काही लिहून ते लपवून ठेवत असेल, तर पंतांचा हिशेब लक्षात ठेवावा : शिकवणारा एक, सांभाळणारा एक आणि रोज ऐकणारे चार. आणि तुम्ही लिहीत नसाल, तर या तिघांपैकी कोणाची तरी जागा तुमच्या ओळखीच्या एखाद्या लिहिणाऱ्यासाठी आज रिकामी असेल. (धागा समाप्त)