कापडाची लव, दोराचा पीळ

मराठी वाचकाला 'नॅपी' म्हटले की तान्ह्या बाळाचा लंगोट आठवतो. तो शब्द 'नॅपकिन'वरून आला, आणि नॅपकिनचे मूळ लॅटिनमधल्या 'मॅप्पा'त, म्हणजे कापडाच्या तुकड्यात आहे. नकाशाचा 'मॅप'ही त्याच घरातला, कारण नकाशे कापडावर काढत. अमेरिकेत बाळाच्या लंगोटाला दुसरा शब्द आहे. तिथल्या काळ्या स्त्रीच्या कानाला 'नॅपी' हा केसांचाच शब्द लागतो, आणि बहुतेक जणींनी तो पहिल्यांदा ऐकला तो घरात, कंगवा हातात घेतलेल्या आईच्या किंवा मावशीच्या तोंडून.

हा 'नॅपी' वेगळ्या कुळातला. इंग्रजीत 'नॅप' म्हणजे कापडावरची लव. लोकरीचे कापड विणून झाले की काटेरी बोंडांनी घासून त्याचे तंतू वर काढत आणि मग मोठ्या कात्रीने सारखे करत. वर उभी राहिलेली ती मऊ लव म्हणजे नॅप. मध्ययुगीन डच भाषेतला 'नोप्पे' हा त्याचा पूर्वज, अर्थ लोकरीचा बारीक पुंजका. आपणही मखमलीची लव म्हणतो आणि गालावरचीही लवच म्हणतो. तेव्हा 'नॅपी'चा सरळ मराठी अर्थ 'लवदार' असा होतो. विणकर आणि कापडवाले हा शब्द मालाचे वर्णन म्हणून वापरत, त्यात शिवी नव्हती.

शिवी आली गुलामगिरीच्या बाजारात. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत जाहिराती छापल्या जात. त्यांत उंची, अंगावरचे व्रण, बोलण्याची ढब यांच्या जोडीला केसांचेही वर्णन असे, आणि केसांसाठी वारंवार येणारा शब्द 'वुली', म्हणजे लोकरीसारखे. 'किंकी' हा तिसरा शब्द. डच खलाशांच्या भाषेत 'किंक' म्हणजे दोराला नको तिथे बसलेला पीळ. तो इंग्रज खलाशांनी उचलला आणि पुढे काळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवला गेला. लव कापडाची, लोकर मेंढीची, पीळ दोराचा. एका स्त्रीच्या केसांसाठी जमलेले हे तिन्ही शब्द मालाचे आहेत, आणि मालाला नेहमी प्रत असते. साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यात गुलामांनी कोणते कापड अंगावर घालावे याची यादी आहे. तिच्यात 'निग्रो क्लॉथ' नावाचे एक जाडेभरडे कापड आहे आणि आपल्या कालिकतवरून नाव पडलेले 'कॅलिको'ही आहे. ज्या समाजात कायदाच माणसाप्रमाणे कापडाची प्रत ठरवत होता, तिथे कापडाचा शब्द माणसाची प्रत सांगू लागला यात नवल नाही.

वेण्यांची नावेही अशीच बाहेरून आली. डोक्याला चिकटून सरळ रेषांत घातलेल्या बारीक वेण्यांना अमेरिकेत 'कॉर्नरो' म्हणतात, म्हणजे मक्याच्या ओळी. कॅरिबियन बेटांवर त्याच वेण्यांचे नाव 'केनरो', म्हणजे उसाच्या सऱ्या. वेणीची पद्धत आफ्रिकेतून सोबत आलेली, नाव मात्र नव्या जमिनीवरच्या पिकाचे.

गुलामगिरी कायद्याने संपली तरी प्रतवारी उरली आणि ती घराच्या आत शिरली. 'गुड हेअर' हे तिचे नाव. सरळ किंवा सैल लाटांचे, वाऱ्यावर हलणारे केस ते 'गुड'. ज्यांचे तसे नाहीत त्यांच्या केसांना 'बॅड' म्हणायचीही गरज पडत नसे. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात लोखंडी कंगवा शेगडीवर तापवायचा, मानेपासून एकेक बट घेऊन तो ओढायचा, कानाची पाळी बोटांनी दुमडून धरायची. मानेवरचे सर्वांत घट्ट, कंगव्याला दाद न देणारे जे केस असत त्यांचे नाव 'किचन'. हेन्री लुईस गेट्स या काळ्या अभ्यासकाने आपल्या आठवणींत या किचनबद्दल एक अख्खे प्रकरण लिहिले आहे: आईचे स्वयंपाकघर आणि मानेवरचे ते केस, दोन्ही एकाच शब्दात. एवढे करून पावसाचे चार थेंब पडले किंवा घाम आला की केस पुन्हा वळायचे. तेव्हा म्हणत, केस 'गो बॅक' झाले, माघारी गेले. स्वतःचे केस स्वतःच्या स्वभावावर आले, तर ती माघार ठरत होती.

काळ्या स्त्रियांच्या केसांच्या निगेचा पुढे धंदा झाला, आणि त्यातले सर्वांत मोठे नाव मॅडम सी. जे. वॉकर. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७, लुईझियानातल्या कापसाच्या मळ्यावर, आईवडील पूर्वाश्रमीचे गुलाम. अनेक वर्षे धुणी धुऊन पोट भरले, स्वतःचे केस गळू लागले तेव्हा औषधाच्या मागे लागली आणि १९०६ च्या सुमारास स्वतःचा धंदा उभा केला. तिच्या नावातला 'मॅडम' नीट पाहावा. गोरे लोक काळ्या बाईला नुसत्या नावाने नाहीतर 'आंटी' म्हणून हाक मारत, 'मिसेस' म्हणत नसत. त्या काळात तिने आपल्या नावाआधी मॅडम लावून घेतले, म्हणजे गिऱ्हाइकाला आणि सावकाराला ते उच्चारावेच लागे. केस सरळ करणारी बाई म्हटलेले तिला खपत नसे. आपल्या विक्रेत्या स्त्रियांना ती 'हेअर कल्चरिस्ट' म्हणे. 'कल्चर'च्या मुळाशी जमीन कसणे आहे, ॲग्रिकल्चरमध्ये तेच आहे. केसांची मशागत करणाऱ्या बायका, असे ते नाव. तापलेला कंगवा तिच्या पद्धतीत होताच, पण नाव निवडताना तिने सरळपणा बाजूला ठेवून वाढीला मान दिला. कापसाच्या मळ्यावर जन्मलेल्या मुलीने मशागतीचा शब्द स्वतःसाठी घ्यावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढे कंगव्याची जागा रसायनाने घेतली आणि त्याला 'रिलॅक्सर' असे मवाळ नाव मिळाले. रिलॅक्स म्हणजे सैल करणे. म्हणजे केस जन्मतःच ताठरलेले, ताणातले, आणि त्यांना सैलावणारे औषध हे. खरे तर अनेक रिलॅक्सरांमध्ये कॉस्टिक सोडा असतो, तो केसांमधले गंधकाचे बंध तोडतो, आणि जास्त वेळ राहिला तर टाळू भाजतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादने वापरलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. ही उत्पादनेच कर्करोगाचे कारण आहेत असे त्यातून सिद्ध होत नाही, पण 'रिलॅक्स' या शब्दामागे काय काय झाकले गेले ते मात्र त्यातून दिसते.

केसांपुरते हे नव्हते. १८१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई समाजातली सारा बार्टमन लंडनमध्ये तिकीट लावून दाखवली गेली. तिच्या नितंबांकडे बघायला गर्दी होई. जाहिरातीतले नाव 'हॉटेंटॉट व्हीनस'. पहिला शब्द डच वसाहतवाल्यांनी खोईखोईंना दिलेले हिणकस नाव. दुसरा रोमनांच्या सौंदर्यदेवतेचा, आणि त्याचे नाते संस्कृतमधल्या 'वन्' म्हणजे इच्छा करणे या धातूशी आहे. देवतेचे नाव थट्टेसाठी वापरले की शिवी दुप्पट लागते. १८१५ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली, आणि मेल्यावरही तिचा देह शास्त्राच्या नावाखाली संग्रहालयात राहिला. तो मायदेशी परत यायला २००२ साल उजाडले. ९ ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेच्या महिलादिनी, तिचे दफन झाले.

या इतिहासावर काळ्या स्त्रियांनी दिलेल्या उत्तरांपैकी मला सर्वांत आवडते ते एका शीर्षकातले आहे. ल्युसिल क्लिफ्टन या कवयित्रीची 'होमेज टू माय हिप्स' ही कविता १९८० च्या तिच्या संग्रहात आहे. 'होमेज' हा सरंजामी शब्द. फ्रेंच 'ओम' म्हणजे पुरुष. मांडलिक सरदार राजापुढे गुडघे टेकून 'मी तुमचा माणूस' अशी शपथ घेई, ती होमेज. आपल्याकडे मुजरा म्हणतात तसे काहीसे. क्लिफ्टनने तो मुजरा स्वतःच्या रुंद कमरेला केला. मन बदला, मग आरसा बदलेल, असे या स्त्रियांना कुणी कितीही सांगितले असते तरी भागले नसते. आधी बोलण्यातला शब्द बदलावा लागला.

तसा तो बदललाही. २८ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'पर्पल मॅनर' या क्लबात एक सौंदर्यप्रदर्शन झाले. त्याचे नाव 'नॅचरली', आणि मंचावर आलेल्या गडद रंगाच्या तरुणींचे केस न तापवलेले, न सैलावलेले होते. त्यांना ग्रँडासा मॉडेल्स म्हणत. 'ग्रँडासालँड' हे कार्लोस कुक्स या नेत्याने आफ्रिकेसाठी वापरलेले नाव. क्वामे ब्रॅथवेट यांनी त्यांची छायाचित्रे काढली आणि 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' हे वाक्य त्यांतून गावोगाव पोचले. त्या काळात 'ब्लॅक' हा काळ्या वस्तीतसुद्धा भांडणाचा शब्द होता. सभ्य शब्द 'निग्रो'. त्याचे पहिले अक्षर मोठे छापावे म्हणून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस यांना झगडावे लागले, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते १९३० मध्ये मान्य केले. आपल्याकडे जनार्दन वाघमारे यांच्या पुस्तकाच्या नावातही 'अमेरिकन निग्रो' आहे, आणि तिथे तो आदरानेच आला आहे. नंतर 'ब्लॅक'ने त्याची जागा घेतली. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ब्लॅकचेही पहिले अक्षर मोठे केले.

'नॅपी' मात्र सहजासहजी वळला नाही. १९९७ मध्ये कॅरोलिव्हिया हेरन या काळ्या लेखिकेचे 'नॅपी हेअर' हे मुलांचे पुस्तक आले. पुढच्या वर्षी ब्रुकलिनमधल्या एका गोऱ्या शिक्षिकेने ते वर्गात वाचले आणि पालक एवढे खवळले की तिला शाळा सोडावी लागली. पुस्तक कौतुकाचे होते, पण नुसत्या शब्दाने जखम उघडली. १९९९ मध्ये बेल हुक्स या काळ्या लेखिकेने 'हॅपी टू बी नॅपी' लिहिले. २००७ मध्ये एका गोऱ्या रेडिओ निवेदकाने रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना हाच शब्द शिवीला जोडून फेकला आणि आठ दिवसांत त्याची नोकरी गेली. याउलट फ्रान्समधल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी तो 'नॅचरल' आणि 'हॅपी' यांचा जोडशब्द मानून आनंदाने स्वीकारला आहे. व्युत्पत्ती म्हणून ती चुकीची आहे, तरी मला ती मान्य आहे.

सरकारी शब्दही तपासावे लागले. मार्च २०१४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या नव्या पेहराव-नियमांत वेण्यांच्या आणि पिळांच्या काही प्रकारांवर बंदी आली, आणि वर्णनात 'मॅटेड' व 'अनकेम्प्ट' असे शब्द होते. 'अनकेम्प्ट'चा मूळ अर्थ न विंचरलेला, चालू अर्थ गबाळा. अमेरिकी काँग्रेसमधल्या काळ्या स्त्री सदस्यांनी पत्र लिहिले आणि ऑगस्टमध्ये ते शब्द गाळले गेले. 'ड्रेडलॉक'मधला 'ड्रेड', म्हणजे भय, आता बऱ्याच जणी सोडतात आणि नुसते 'लॉक्स' म्हणतात. मराठीत यासाठी सर्रास 'जटा' लिहिले जाते. ते टाळायला हवे. आपल्याकडे बाईच्या डोक्यात जट झाली की तिला देवाला सोडण्याची भीती असे, आणि ती कापून घ्यावी म्हणून कार्यकर्ते आजही घरोघर समजूत घालतात. लॉक्स ही धुतलेली, वळून निगा राखलेली, स्वतः निवडलेली केशरचना आहे. दोन्हींना एकच शब्द दिला तर दोन्हींवर अन्याय होतो.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला बंदी घातली. कायद्याचे नाव आद्याक्षरे जुळवून 'क्राउन' ठेवले, म्हणजे मुकुट. नंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशभराचा कायदा मार्च २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये झाला नाही.

केसांसारखीच रंगाचीही प्रतवारी होते. काळ्या लेखिका ॲलिस वॉकर यांनी १९८२ मध्ये 'कलरिझम' हा शब्द रूढ केला: एकाच समाजात उजळ आणि गडद रंगावरून होणारा भेद. तो आपल्याला परका नाही. २०२० मध्ये अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लोक रस्त्यावर आले, त्या लाटेतच आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. पण मराठी वर्तमानपत्रे 'ब्लॅक' म्हणून अभिमानाने उभ्या राहणाऱ्या स्त्रीला अजूनही 'कृष्णवर्णीय' लिहितात. हेतू सभ्य असतो, पण 'काळी' उच्चारायला संकोच वाटतो म्हणूनच हा संस्कृत आडपडदा लागतो. आपल्या गावगाड्यात 'काळी' म्हणजे पिकाची जमीन, आणि शेतकरी तिला आई म्हणतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही, तेव्हा मान द्यायचा तो शब्द न टाळण्यातूनच देता येईल. टोनी मॉरिसन किंवा ॲलिस वॉकर मराठीत आणणाऱ्या अनुवादकांना आणि बातमी लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: तिला काळी म्हणा, आणि तिच्या केसांना राठ, झिपरे, लोकरीसारखे असे काही न म्हणता ती स्वतः जे नाव देते ते द्या.