आईच्या रिपोर्टमधला 'आर' आणि कोंबडीचं खाद्य

पोस्ट जरा मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय घरचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आईला लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टरांनी कल्चर करायला लावलं. रिपोर्टमध्ये अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी आणि बहुतेकांपुढे एकच अक्षर, 'आर'. म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. शेवटी आठवडाभर इंजेक्शनं झाली तेव्हा आई उठून बसली. हा जंतू कुठून आला, कुणीच सांगू शकणार नाही. पण पत्रकाराची खोड, मी वाचत गेलो आणि येऊन थांबलो कोंबडीपाशी. आमची आई माळकरी, बरं का!

गोष्ट सुरू होते १९४८ साली अमेरिकेत. लेडरली या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिलांना काय खाऊ घातलं की ती लवकर वाढतील, हे शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा त्यांनी खाद्यात मिसळला. पिलं झपाट्याने वाढली. १९५१ मध्ये तिथल्या सरकारने खाद्यात अँटिबायोटिक घालायला परवानगीही दिली. आजार असो नसो, रोज थोडं थोडं औषध.

खरं तर पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेल घेतानाच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेत औषध दिलं, तर जंतू त्याला सरावतील. पण नफा दिसू लागल्यावर ऐकतं कोण?

बोस्टनच्या डॉ. स्टुअर्ट लेव्हींनी एका शेतावर केलेला प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेलं खाद्य, बाकीच्यांना साधं. आठवडाभरातच औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या पोटातले जंतू टेट्रासायक्लिनला जुमानेनात. पाच-सहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या पोटातही तसेच जंतू वाढले. त्यांनी औषधाचा कणही घेतला नव्हता! शिवाय खाद्यात औषध एकच असून जंतू इतर औषधांनाही पुरून उरले.

कारण जंतू आपापसांत जनुकांची देवाणघेवाण करतात. एकेका छोट्या कड्यावर, म्हणजे प्लास्मिडवर, अनेक औषधांवरचा तोड असू शकतो. जंतूला शाकाहारी-मांसाहारी कळत नाही. तो हातावरून, पाण्यातून, शेतात टाकलेल्या कोंबडीखतातून फिरतो.

युरोपने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही एमसीआर-१ हे जनुक सापडलं. कोलिस्टिनला न जुमानणारं. कोलिस्टिन म्हणजे सगळे उपाय थकले की काढायचं औषध, आणि तेच जनावरांच्या खाद्यात! भारताने जुलै २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली.

आता आपल्याकडचं. शेडवाल्यांना शिव्या घालायला ही पोस्ट नाही. एक ओळखीचा पोल्ट्रीवाला म्हणाला, "भाऊ, दिवसाला दहा पक्षी मेले की झोप लागत नाही. माणूस पुडी देतो, आम्ही पाण्यात टाकतो. आत काय आहे, कोण विचारणार?"

विचारायला हवं ना! पुडीवरचं नाव वाचा, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय टाकू नका. शेड स्वच्छ ठेवा, लसी वेळेवर द्या, खत नीट कुजवूनच शेतात टाका. घरी कच्चं चिकन हाताळलं की हात, सुरी, पाट धुवा आणि नीट शिजवा. आणि आपण? सर्दी झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या 'स्ट्राँगवाल्या' आणणारे आपणही यात आहोतच.

लेव्हींच्या शेतावर औषधी खाद्य थांबवलं, तेव्हा सहा महिन्यांत बहुतेकांच्या पोटातले ते जंतू ओसरले. म्हणजे अजून हातात आहे काहीतरी.

तुमच्या घरच्या कुणाच्या रिपोर्टमध्ये असे 'आर' आलेत का? कमेंटमध्ये लिहा. आणि शेडवाल्या मित्रांनो, तुम्हीही बोला. तुमची बाजू ऐकल्याशिवाय पुढची बातमी करायची नाहीये मला.