लोटणरोध, टायरांचा

वाहन सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालत असताना फिरणाऱ्या टायरात दर मीटर अंतरामागे जेवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तिला त्या टायराचा लोटणरोध म्हणतात. टायरउद्योगात आणि गॅरेजात यालाच रोलिंग रेझिस्टन्स हे नाव आहे. टायर रस्त्याला घासतो म्हणून हा रोध होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. नीट फिरणाऱ्या टायराचा रस्त्याला टेकलेला भाग जवळजवळ घसरतच नाही. ऊर्जा जाते ती टायराच्या अंगात. रबर दबते, वाकते, पुन्हा सरळ होते आणि दर खेपेस थोडे तापते.

मात्रा : टायरावरचा भार वाढेल त्या प्रमाणात लोटणरोधही वाढतो, म्हणून त्याला भाराने भागून मिळणारा गुणांक सांगण्याची पद्धत आहे. चांगल्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर मोटारीच्या टायराचा गुणांक साधारण ०.००७ ते ०.०१५ असतो, अवजड ट्रकच्या टायराचा ०.००५ ते ०.००८. हेच आकडे टनामागे किलोत मांडले की लवकर उमगतात : गुणांक ०.०१० म्हणजे दर टन वजनामागे १० किलोची उलटी ओढ. पोलादी रुळावर पोलादी चाकाला हीच ओढ टनामागे अवघी १ ते २ किलो पडते. मोकळ्या वाळूत ती २०० किलोच्याही वर जाते.

चढाच्या भाषेत सांगायचे तर ०.०१० गुणांकाचे टायर लावलेले वाहन सपाटीवरही शंभरात एक असा, कधीच न संपणारा चढ चढत असते. रस्ता आणि रूळ यांतला फरक बोर घाटात स्पष्ट दिसतो. तिथल्या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मध्ये १, म्हणजे टनामागे सुमारे २७ किलोचा आहे. सपाटीवर एक-दोन किलोच्या ओढीवर धावणाऱ्या गाडीला घाटात दहा पटींहून अधिक जोर लागतो, आणि म्हणून कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेवढाच चढ रस्त्यावर मोटारीला लागला तर तो तिच्या टायरांच्या नेहमीच्या ओढीच्या जेमतेम पावणेतीन पट भरतो. चढ सोपा असतो असे नाही. टायरांनी सपाटीवरच एवढी किंमत वसूल केलेली असते.

भरलेल्या १५०० किलोच्या मोटारीचा हिशेब पाहू. गुणांक ०.०१० धरला तर चारही टायरांचा मिळून रोध सुमारे १४७ न्यूटन होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा मध्यम आकाराच्या मोटारीत ताशी ७० किलोमीटरच्या आसपास दोन्ही रोध सारखे होतात. त्याखाली टायर वरचढ, त्यावर हवा. शहरातली बहुतेक वाहतूक त्या वेगाच्या बरीच खाली चालते. १०० किलोमीटर जाताना ही मोटार टायरांपायी चाकांशी सुमारे ४ युनिट ऊर्जा खर्चते. इंधनातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असे धरल्यास हे पावणेदोन-दोन लिटर पेट्रोल झाले. विजेच्या मोटारीला एवढ्या अंतरासाठी एकूण १५ युनिटांच्या आसपास वीज लागते, म्हणून तिथे टायरांचा वाटा आणखी ठळक दिसतो.

कारण : मोटारीच्या टायराचा परीघ सुमारे दोन मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला टायर सेकंदाला अकरा वेळा फिरतो आणि त्याचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा रस्त्यावर दाबला जाऊन चपटा होतो. रबर पूर्ण स्थितिस्थापक नसते. टाकलेला रबरी चेंडू मूळ उंचीपर्यंत परत उसळत नाही, त्याचे कारण हेच. दाबताना घातलेली ऊर्जा सोडताना पुरती परत मिळत नाही आणि उरलेली उष्णता होते. या गुणाला हिस्टेरिसिस म्हणतात. रस्त्याला टेकलेल्या पट्ट्यात पुढच्या अर्ध्यातले रबर दबत असते आणि मागच्या अर्ध्यातले सुटत असते. सुटणारे रबर दबणाऱ्यापेक्षा कमी जोराने रस्त्याला रेटते. त्यामुळे रस्त्याचा एकूण वरचा रेटा आसाच्या बरोबर खाली न पडता किंचित पुढे सरकतो आणि चाकाला उलटे फिरवू पाहतो. एकूण लोटणरोधाचा ८० ते ९५ टक्के भाग या हिस्टेरिसिसचा असतो. उरलेला फिरत्या टायराला हवेच्या होणाऱ्या अडथळ्याचा आणि टेकलेल्या पट्ट्याच्या कडांशी होणाऱ्या बारीक घसरणीचा. टायराच्या भागांपैकी सर्वांत मोठा वाटा नक्षी असलेल्या बाहेरच्या थराचा, म्हणजे ट्रेडचा असतो, कारण सर्वांत जास्त रबर तिथेच असते.

हे कारण हाती लागायला बराच काळ गेला. फ्रान्समध्ये कूलाँ यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लाकडी दंडगोलांवर प्रयोग केले होते. एकोणिसाव्या शतकात द्यूपुई आणि मोरँ यांचा वाद रंगला : चाक मोठे केल्यावर रोध व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, की व्यासाच्या वर्गमुळाच्या? १८७६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी लोखंडी दंडगोल रबरावर फिरवून असे मांडले की स्पर्शाच्या जागी होणारी सूक्ष्म घसरण हेच रोधाचे मूळ आहे. हे मत दीर्घकाळ टिकले. केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांनी १९५० च्या दशकात ते तपासले. रोध घसरणीमुळे होत असेल तर वंगण घातल्यावर तो घटायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळपास तेवढाच राहिला. दोष पृष्ठभागाचा नसून पदार्थाच्या आतला आहे, हे या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. टायराचा लोटणरोध कमी करण्याचे नंतरचे सगळे प्रयत्न याच पायावर उभे आहेत.

रचना : हवा भरलेल्या टायराची पहिली कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन यांची. १८४५ च्या त्यांच्या पेटंटात गाडी ओढायला लागणारा जोर कमी करणे हा हेतू स्पष्ट लिहिला होता. ती कल्पना तेव्हा विसरली गेली आणि १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी ती नव्याने शोधली. कोंडलेली हवा दाबली तर ऊर्जा जवळपास पूर्ण परत देते, तोटा फक्त रबराचा. म्हणून भार जितका हवेवर पडेल आणि रबर जितके कमी वाकेल, तितका टायर हलका चालतो. यानंतरची मोठी झेप रेडियल टायराची. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जुन्या टायरात आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदत जातात आणि टायर दबताना थरांची आपसांत ओढाताण होते. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि ट्रेडखाली पोलादी पट्टे असतात. बाजू लवचीक राहते, तळ ताठ. लोटणरोध यामुळे पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटतो. भारतातल्या ट्रकचालकांच्या बोलीत तिरप्या धाग्यांचा टायर ‘नायलॉन’ म्हणून ओळखला जातो. जादा माल आणि खराब रस्ते यांना त्याची जाड बाजू सोसते, या विश्वासावर तो मोटारींतून हद्दपार झाल्यावरही ट्रकांवर पुष्कळ वर्षे टिकून राहिला.

रबराचे मिश्रण : सर्वांत कठीण प्रश्न इथे आहे. ओल्या रस्त्यावर पकड हवी तर रबराने ऊर्जा गिळली पाहिजे, आणि लोटणरोध कमी हवा तर ती गिळता कामा नये. पकड, लोटणरोध आणि झीज या तिन्हींत एक सुधारले की दुसरे बिघडते. टायरउद्योग याला जादूचा त्रिकोण म्हणतो. वाट निघाली ती वारंवारतेतल्या फरकातून. टायर फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा वाकते, तर रस्त्यावरच्या खडीच्या बारीक टोकांवरून घसरताना ते सेकंदाला हजारो-लाखो वेळा थरथरते. पहिल्या गतीला निवांत आणि दुसऱ्या गतीला ऊर्जा गिळणारे असे रबर बनवता आले, तर दोन्ही साधते. प्रयोगशाळेत याचा अंदाज तापमान बदलून घेतात : ६० अंश सेल्सिअसला रबरातला ऊर्जेचा तोटा कमी हवा, ० अंशाला जास्त.

टायराला काळा रंग आणि टिकाऊपणा देणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, रबरात कणांचे जाळे करते. दर वाकण्याबरोबर हे जाळे तुटते, पुन्हा जुळते आणि त्यात उष्णता निघते. काजळीच्या जागी बारीक सिलिका घातली तर हा तोटा बराच घटतो. पण सिलिकाला पाणी जवळचे, रबर परके. ती रबरात नीट मिसळत नाही. दोघांना रासायनिक दुव्याने बांधणारी सिलेन नावाची संयुगे वापरल्यावर हे जमले आणि १९९२ मध्ये मिशलँने असे टायर मोटारींसाठी बाजारात आणले. ओल्या रस्त्यावरची पकड न गमावता लोटणरोध कमी झाला. टायराच्या इतिहासातले रेडियलनंतरचे हे सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल. एक अडचण मात्र आली : सिलिकेच्या ट्रेडमधून वीज वाहत नाही, म्हणून वाहनावर साचणारी स्थिर वीज जमिनीत उतरावी यासाठी ट्रेडच्या मधोमध काजळीयुक्त रबराची अरुंद पट्टी ठेवावी लागते. ट्रकच्या ट्रेडमध्ये आजही मुख्यतः नैसर्गिक रबर असते. त्याचा हिस्टेरिसिस कमी असतो, ते कमी तापते आणि जड भाराला तेच महत्त्वाचे.

वापरातले घटक : चालकाच्या हाती असलेल्या गोष्टींत हवेचा दाब सर्वांत वरचा. दाब पाव हिश्श्याने कमी झाला, समजा ३२ ऐवजी २४ पीएसआय राहिला, तर लोटणरोध दहा-बारा टक्क्यांनी वाढतो, टायर जास्त तापतो आणि खांद्याकडून झिजतो. धडधाकट टायरातूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप जिरते, त्यामुळे पंक्चर नाही म्हणजे हवा ठीक आहे, हा तर्क चालत नाही. दाब मोजायचा तो टायर थंड असताना. सांगितल्यापेक्षा बरीच जास्त हवा भरली तर गुळगुळीत रस्त्यावर रोध आणखी घटतो खरा, पण पकड आणि ब्रेक यांवर परिणाम होतो, आणि खडबडीत रस्त्यावर टायर खाचखळगे गिळेनासा होऊन तेवढीच ऊर्जा सस्पेन्शनमध्ये जाते. पेट्रोल पंपावरच्या नायट्रोजनमुळे लोटणरोध कमी होत नाही. तो थोडा सावकाश जिरतो एवढाच फायदा.

टायर गरम झाला की रोध उतरतो. थंड टायर स्थिर तापमानाला यायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत टायर महाग पडतो. वेगाचा परिणाम ताशी शंभरपर्यंत थोडाच असतो, पुढे झपाट्याने वाढतो. मोठ्या व्यासाचा टायर हलका चालतो. चाकांचे अलाइनमेंट बिघडले असेल तर टायर सतत तिरपा ओढला जातो आणि रोध व झीज दोन्ही वाढतात. झिजलेल्या टायरात वाकायला रबरच कमी उरते, म्हणून तो नव्यापेक्षा हलका चालतो. पण पावसात त्याच्या खाचांतून पाणी निसटत नाही. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात वाहन चालवणाऱ्याने या बचतीचा मोह धरू नये.

रस्ता : खडी वर आलेल्या भरड पृष्ठावर ट्रेडमध्ये बारीक बारीक खळगे पडतात आणि रोध वाढतो. मऊ जमिनीवर सगळे गणितच बदलते. तिथे बहुतेक ऊर्जा माती दाबण्यात, चाकोरी खोदण्यात जाते. हवा कमी करून टायर पसरवला तर तो कमी रुततो आणि एकूण रोध घटतो. शेतातला ट्रॅक्टर आणि वाळूतली जीप यांना म्हणून कमी दाबच मानवतो. बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव ओल्या रानात रुतून बसते, तर रबरी टायरांची गाडी तेवढ्याच बैलांवर कितीतरी जास्त ओझे नेते. साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या टायरांवर आल्या त्याचे कारण हेच. बैलांचे कष्ट त्यामुळे घटायला हवे होते. वाचलेला जोर पुष्कळदा गाडीवर आणखी ऊस रचण्यात गेला, ही दुःखाची गोष्ट आहे.

मापन आणि नियमन : आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २८५८० नुसार टायर मोठ्या पोलादी ड्रमवर दाबून फिरवतात. मोटारीच्या टायरासाठी वेग ताशी ८० किलोमीटर, भार कमाल क्षमतेच्या ८० टक्के, आणि निकाल २५ अंश तापमानाला जुळवून घेतात. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१२ पासून टायरावर इंधन, ओली पकड आणि आवाज यांची श्रेणी दाखवणारे लेबल सक्तीचे झाले. मे २०२१ पासूनच्या सुधारित लेबलात मोटारीच्या टायराला ‘ए’ श्रेणीसाठी टनामागे ६.५ किलोपर्यंतच रोध चालतो, १०.६ वा त्याहून जास्त असेल तर तो ‘ई’त जातो. वरच्या उदाहरणातल्या मोटारीत या दोन टोकांमधला फरक १०० किलोमीटरला सुमारे पाऊण लिटर पेट्रोलचा पडतो.

भारतात यासाठीचे मानक एआयएस-१४२ आहे. एआयएस मानके पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया प्रसिद्ध करते. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना लोटणरोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा लागू झाल्या. या मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या नियमांशी जुळत्या आहेत. नव्या मोटारीवर कारखान्यातून येणारे टायर बहुधा कमी रोधाचे असतात, कारण मोटार बनवणाऱ्या कंपनीला इंधनाचे निकष गाठायचे असतात. तीन-चार वर्षांनी टायर बदलताना गिऱ्हाईक माप, किंमत आणि किती किलोमीटर चालेल एवढेच विचारते. त्याच मापाचा, पण जास्त रोधाचा टायर बसतो आणि ॲव्हरेज का उतरले याचा शोध इंजिनात घेतला जातो.